रॅक ब

दुर्भाटच्या धक्क्याला लागून
आमची बार्ज-दुरुस्तीची शेड.
तिथली स्टोअरकीपर मी, अकरा वर्षं.
पगारपत्रकावर अजून 'क्लार्क (तात्पुरती)'.

आधी इथे काहीच सापडत नसे.
भरती चढत यायची, बार्ज अडून बसायची,
आणि कायतान दातांत टॉर्च धरून
पोत्यांत हात घालायचा,
देवाला आणि धुमेबाबांना
एकाच श्वासात शिव्या देत.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
तीन वर्षं, रविवारी रविवारी येऊन
एकेक नट, एकेक व्हॉल्व्ह, दोरीचं एकेक वेटोळं
रॉकेलात धुतलं, मापलं,
बिस्किटांच्या डब्यांत भरलं, डब्यांवर लिहिलं.
रॅकना नावं दिली अ, ब, क, ड,
शाळेत तुकड्यांना देतात तशी.
लेबलांचे पैसे माझे.
नवरा म्हणाला, एवढाच फायदा,
हुमण करायला मी शिकलो.

कायताननं एकदा फणस आणून टेबलावर ठेवला.
बोलला काही नाही.
दोन दिवस शेडला ग्रीस आणि फणस
असा मिळून वास.

मग एका उधाणाला पाणी आत आलं.
रॅक बचे पाय आधीच गंजलेले,
तो बसला गुडघ्यांत.
त्यातली सगळी बेअरिंगं मी
माझ्या टेबलाखाली हलवली.
नव्या रॅकचा मागणीअर्ज
धुमेबाबांच्या ट्रेमध्ये आहे अजून,
वर काचेचा पेपरवेट,
त्यात एक न कोमेजणारं फूल.
वहीत मी अ नंतर क लिहिलं.
कारण लिहिलं नाही.
मला माहीत होतं ना.

पुण्याहून सल्लागार आले, चार दिवसांसाठी.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
ताई, तुमची ती वही जरा बघू?
वही रात्री त्यांच्यासोबत पणजीला गेली.
सकाळी आली तेव्हा कोपऱ्यावर
सोलकढीचा एक गुलाबी डाग.

महिन्यानं अहवाल आला. गुळगुळीत,
तारेत ओवलेला, पानापानावर रंगीत चौकोन.
धुमेबाबांनी सगळ्यांना बोलावलं.
"ह्याला म्हणतात पद्धत," म्हणाले,
"शिका जरा."
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या,
हात आधी उठले, मी मागून.
मिरचीभजी खाता खाता पान नऊ उघडलं:
रॅक अ.
रॅक क.
रॅक ड.

मला ठसका लागला.
कुणीतरी पाठीवर थोपटलं,
म्हणालं, तिखट आहे.

चवथीला सगळ्यांना सारखं पाकीट.
माझ्या पाकिटावर नाव
ज्याचं होतं तो मार्चमध्ये सोडून गेला.

काल रात्री दीडला फोन.
नवा पोरगा, नव्या कंप्युटरवर बसवलेला.
"मॅडम, शाफ्टचं बेअरिंग गेलंय.
इथे स्टॉकमध्ये दिसतंय, चौदा नग.
रॅक दिसत नाही.
अ आहे, मग एकदम क."
कायतान सुट्टीवर. मागे तांडेल ओरडत होता,
अडीचला पाणी फिरणार होतं.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले,
फोन कानाशी, दिवा न लावता.
खोटं कशाला सांगू,
बराच वेळ उभी राहिले.
अहवालात बघ म्हणावं,
पुण्याला फोन लाव म्हणावं,
जिभेवर सगळं तयार होतं,
नीट मापलेलं, लेबल लावलेलं.

"माझ्या टेबलाखाली," म्हटलं,
"डावीकडे. निळा डबा.
झाकण वाकलंय, पाना घालून उचल."

डब्याचा खडखडाट फोनमधून ऐकू आला.
मग पळणारी पावलं, मग इंजिन.
मग पोरगा परत, धापा टाकत:
"मॅडम, कंप्युटरमध्ये भरून टाकतो आत्ताच.
रॅकच्या रकान्यात काय घालू?"

कुमुदिनी, म्हटलं.
दोन्ही उकार ऱ्हस्व.
द ला वेलांटी पहिली.
न ला दुसरी.
थांब, घाई करू नकोस.
वाचून दाखव.